इम्साची शर्यत ट्रॅकवर जाऊन कशी बघावी: डेटोनापासून लगुना सेकापर्यंत

रोड अटलांटा या ट्रॅकवर अकराव्या वळणाशी एक पूल आहे. गाड्या चढ चढून त्या पुलाखाली येतात तेव्हा ड्रायव्हरला पुढचा रस्ता दिसतच नाही. पूल मागे पडला की एकदम उतार लागतो, आणि त्या उतारावरच उजवीकडे बारावं वळण, जवळजवळ पूर्ण वेगात. टीव्हीवर हे वळण मी कित्येक वर्षं बघत होतो आणि मला ते साधंच वाटायचं. पहिल्यांदा तिथल्या कुंपणाशी उभा राहिलो तेव्हा कळलं, की कॅमेरा चढउतार खाऊन टाकतो. पडद्यावर जो सपाट रस्ता दिसतो, तो प्रत्यक्षात टेकडीवरून खाली कोसळत असतो.

म्हणून हा लेख. अमेरिकेत आणि कॅनडात राहणारी आपली बरीच मंडळी फॉर्म्युला वनच्या तिकिटासाठी वर्षभर पैसे बाजूला टाकतात, पण घरापासून तास-दोन तासांवर होणारी स्पोर्ट्स कार शर्यत त्यांच्या गावीही नसते. अटलांटा, ऑरलँडो, शिकागो, सॅन होजे, टोरांटो, यांपैकी कुठेही राहत असाल तर एक उत्तम ट्रॅक तुमच्या टप्प्यात आहे. तिथे पहिल्यांदा जायचं तर काय, कधी आणि कसं करायचं, ते क्रमाने सांगतो.

पायरी पहिली: मालिका कोणती, ते समजून घ्या

इम्सा ही स्पोर्ट्स कार शर्यती भरवणारी अमेरिकन संस्था १९६९ साली जॉन बिशप आणि त्यांच्या पत्नी पेग यांनी सुरू केली. पुढे अमेरिकेत स्पोर्ट्स कार शर्यतींची दोन घरं झाली. डॉन पॅनोझ यांनी १९९९ साली अमेरिकन ल मॉ सिरीज उभी केली आणि २००० पासून ग्रँड-अ‍ॅमची वेगळी मालिका चालू झाली. ट्रॅकही वाटले गेले: सीब्रिंग आणि रोड अटलांटा एका घरात, डेटोना आणि वॉटकिन्स ग्लेन दुसऱ्या घरात. २०१४ साली दोन्ही मालिका एक झाल्या आणि आज त्याच स्पर्धेला वेदरटेक स्पोर्ट्सकार चॅम्पियनशिप म्हणतात. प्रेक्षकाला याचा फायदा असा, की दोन्ही घरांचे निवडक ट्रॅक आता एकाच वेळापत्रकात आहेत.

एका शर्यतीत तीन-चार वर्गांच्या गाड्या एकाच वेळी धावतात. सर्वांत वेगवान जीटीपी, म्हणजे हायब्रिड प्रोटोटाइप, फक्त शर्यतीसाठीच बनवलेल्या गाड्या: पोर्शे ९६३, कॅडिलॅक, बीएमडब्ल्यू, अ‍ॅक्युरा आणि २०२५ पासून अ‍ॅस्टन मार्टिनची व्हॅल्किरी. त्याखाली एलएमपी२, म्हणजे थोडे कमी वेगवान प्रोटोटाइप. मग जीटीडी प्रो आणि जीटीडी, म्हणजे रस्त्यावर दिसणाऱ्या फेरारी, कॉर्व्हेट, लॅम्बोर्गिनी, पोर्शे ९११ यांची शर्यतीची भावंडं. गाडीवरच्या नंबरपाटीचा रंग पाठ करा: जीटीपी काळा, एलएमपी२ निळा, जीटीडी प्रो लाल, जीटीडी हिरवा. गाडीच्या बाजूला दिव्यांची छोटी पाटी असते, तिच्यावर त्या गाडीचं तिच्या वर्गातलं स्थान दिसतं. एवढं डोक्यात बसलं की शर्यत निम्मी कळली.

पायरी दुसरी: ट्रॅक निवडा, आणि तोही स्वभाव बघून

नवखी माणसं मोठं नाव बघतात आणि थेट डेटोनाच्या २४ तासांना जातात. मी तसं सुचवणार नाही. आधी कुठल्या प्रकारची जमीन बघायची आहे ते ठरवा.

सीब्रिंग हे दुसऱ्या महायुद्धातलं लष्करी विमानतळ. तिथे बी-१७ बॉम्बर विमानांच्या वैमानिकांना शिक्षण मिळायचं. युद्ध संपल्यावर त्याच धावपट्ट्यांवर शर्यती सुरू झाल्या आणि १९५२ पासून तिथे १२ तासांची शर्यत होते. ट्रॅकचा बराच भाग अजून काँक्रीटच्या लाद्यांचा आहे, आणि लाद्यांच्या सांध्यांवर गाडी अक्षरशः उडते. ट्रॅक सहा किलोमीटरचा, पूर्ण सपाट, पण गाड्यांचे जेवढे हाल तिथे होतात तेवढे क्वचितच कुठे होत असतील.

डेटोनाचा प्रकार अगदी वेगळा. १९५९ साली उघडलेला हा मोठा ओव्हल, म्हणजे लंबगोल ट्रॅक, त्याची वळणं ३१ अंशांत कललेली, आणि मधल्या मैदानात वळणावळणांचा रस्ता. २४ तासांची शर्यत तिथे १९६६ पासून आहे. इंधनटंचाईमुळे १९७४ साली ती झाली नाही. इंडियानापोलिसचा रोड कोर्सही ओव्हलच्या पोटातलाच, पण तो मला फार भावत नाही.

लाँग बीच आणि डेट्रॉइट हे शहरातल्या रस्त्यांवरचे ट्रॅक. तिथली शर्यत जेमतेम १०० मिनिटांची. हॉटेलातून चालत जाता येतं, लाँग बीचला तर लॉस एंजेलिसहून मेट्रोने पोचता येतं. पण काँक्रीटच्या भिंती आणि जाळ्या इतक्या, की तिकीट नीट निवडलं नाही तर गाडीचं छप्परच काय ते दिसतं.

राहिले टेकड्यांवरचे ट्रॅक, आणि माझा जीव यांच्यातच आहे. विस्कॉन्सिनमधलं रोड अमेरिका, न्यूयॉर्क राज्यातलं वॉटकिन्स ग्लेन, जॉर्जियातलं रोड अटलांटा, कॅलिफोर्नियातलं लगुना सेका, आणि कॅनडातलं मोसपोर्ट, ज्याचं नाव आता कॅनेडियन टायर मोटरस्पोर्ट पार्क आहे. व्हर्जिनिया इंटरनॅशनल रेसवेही याच जातीचा, फक्त तिथे सध्या जीटी वर्गच धावतात. कनेक्टिकटमधल्या लाइम रॉकला इम्सा २०२३ नंतर आलेली नाही, पण इतर शर्यती होतात. तिथे पक्की प्रेक्षकगॅलरी नाही, लोक गवताच्या उतारावर सतरंजी टाकून बसतात, आणि कोर्टाच्या जुन्या आदेशामुळे रविवारी शर्यत होत नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्याला माझा सल्ला: लहान मुलं बरोबर असतील तर रोड अमेरिका किंवा लगुना सेका. मुलं मोठी असतील, किंवा तुम्ही दोघंच असाल, तर ऑक्टोबरमधली रोड अटलांटाची पेटी ल मॉ. ती दहा तासांची शर्यत आहे. दुपारी बाराच्या सुमारास सुरू होते आणि रात्री दहाच्या सुमारास संपते. ऊन, संध्याकाळ आणि रात्र, तिन्ही एका तिकिटात मिळतात आणि अटलांटात राहणारा माणूस झोपायला स्वतःच्या घरी येतो.

पायरी तिसरी: तिकीट आणि मुक्काम

साधं प्रवेशाचं तिकीट घ्या, म्हणजे जनरल अ‍ॅडमिशन. टेकड्यांच्या ट्रॅकवर खुर्चीचं तिकीट म्हणजे स्वतःला एका जागी बांधून घेणं. शक्य असेल तर संपूर्ण वीकएंडचं तिकीट काढा आणि शुक्रवारी जाच. शुक्रवारी गर्दी कमी असते, सराव आणि पात्रता फेऱ्या दिवसभर चालतात, आणि ट्रॅक ओळखायला तोच दिवस योग्य. लहान मुलांना बहुतेक ठिकाणी मोफत सोडतात, पण वयाची अट प्रत्येक ट्रॅकची वेगळी आहे, ती त्यांच्या साइटवर बघून घ्या.

सीब्रिंग आणि डेटोनाला तंबू टाकून राहणारे लोक खूप. सीब्रिंगच्या आतल्या मैदानात लोक जुने सोफे आणतात, परांचीवर मचाण बांधतात, आणि चांगली जागा मिळावी म्हणून फाटक उघडण्याच्या कितीतरी दिवस आधी रांगेत येऊन राहतात. कुटुंबाला घेऊन जाणाऱ्याने पहिल्या वर्षी हे करू नये. सीब्रिंग ऑरलँडोहून दीड-दोन तासांवर आहे, डेटोना तासाभरावर. हॉटेलं मात्र तीन-चार महिने आधी धरा, गावं लहान आहेत.

पायरी चौथी: पिशवीत काय

सगळ्यांत आधी कानांची सोय. मोठ्यांना फोमचे इअरप्लग चालतात, मुलांना डोक्यावरून घालायचे इअरमफच लागतात. ही गोष्ट ऐच्छिक नाही. कॅडिलॅकचं साडेपाच लिटरचं व्ही८ इंजिन आणि व्हॅल्किरीचं व्ही१२ जाळीशेजारून जातं तेव्हा आवाज छातीत शिरतो. माझी मुलगी सहा वर्षांची असताना आम्ही तिला नेलं होतं. कान झाकलेले असूनही दुपारपर्यंत ती पाठमोरी उभी राहून, नुसत्या थरथरीवरून ‘कॅडिलॅक आली’ म्हणून सांगायला लागली.

मळले तरी चालतील असे चालायचे बूट, टोपी, पातळ रेनकोट, घडीची खुर्ची, सतरंजी, पॉवर बँक. पाऊस झाला तर जॉर्जियाची लाल माती बुटांच्या तळव्यांना एवढी चिकटते की पाऊल उचलताना जड लागतं, त्यामुळे गाडीत चपलांचा जोड असू द्या. डेटोनाला जानेवारीच्या रात्री चांगलीच थंडी पडते. फ्लोरिडा म्हणून फक्त टीशर्ट नेणाऱ्यांना मी पहाटे कुडकुडताना बघितलं आहे.

खाणं घरून नेता येतं का ते आधी बघा. बऱ्याच ट्रॅकवर छोटा कूलर चालतो, काचेची बाटली चालत नाही. आमच्याकडे दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी ठरलेली असते, दिवसभर उन्हात राहूनही काही होत नाही. रोड अमेरिकेला मात्र हात हलवत गेलात तरी चालेल. तिथल्या भाजलेल्या ब्रॅटवुर्स्टची, म्हणजे जर्मन सॉसेजची, ख्याती आहेच, आणि शाकाहारी माणसाला लोण्यात बुडवलेलं भाजकं कणीस मिळतं. तेवढ्यावर दुपार निघते.

फोनमध्ये इम्साचं अ‍ॅप टाकून ठेवा. त्यात लाइव्ह टायमिंग दिसतं. इम्सा रेडिओचं समालोचन मोफत आहे आणि ते ऐकल्याशिवाय लांब शर्यतीत कोण कुठे आहे याचा पत्ता लागत नाही. गर्दीत नेटवर्क बसतं, म्हणून छोटा एफएम रेडिओ जवळ असलेला बरा. ट्रॅकवर कोणती फ्रीक्वेन्सी आहे ते कार्यक्रमपत्रिकेत छापलेलं असतं.

पायरी पाचवी: सकाळचे पहिले तीन तास

फाटक उघडताच आत जा आणि आधी पॅडॉक, म्हणजे संघ गाड्या तयार करतात ती जागा, गाठा. फॉर्म्युला वनमध्ये सामान्य प्रेक्षक जिथे पाऊल टाकू शकत नाही, ती जागा इथे बहुतेक ट्रॅकवर साध्या तिकिटावर उघडी असते. दोरीपलीकडे चार हातांवर मेकॅनिक गाडीचं मागचं अंग उघडून बसलेले असतात. थोडा वेळ एकाच गाडीपाशी थांबा. चाक निघतं, ब्रेकची तबकडी बदलली जाते, एक जण टायरच्या रबरावरची खडी पट्टीने खरवडत असतो. कोणी मोकळा दिसला तर जरूर विचारा, माणसं आनंदाने सांगतात. हातात काम असेल तर मात्र मध्ये पडू नका.

सुरुवातीच्या थोडं आधी ग्रिड वॉक असतो. सगळ्या गाड्या मुख्य सरळ रस्त्यावर ओळीने लावतात आणि लोकांना ट्रॅकवर सोडतात. वेळ वेळापत्रकात बघून पंधरा मिनिटं आधी फाटकाशी उभे राहा. तिथे एक काम आवर्जून करा: गाड्यांकडून नजर काढून पायाखाली बघा. सीब्रिंगच्या काँक्रीटच्या भेगा, डांबराचे जोड, रबराचे काळे पट्टे. ज्या कललेल्या वळणावर चालताना आपला तोल जातो, तिथे या गाड्या पूर्ण वेगाने जातात, हे डेटोनाला कडेला जाऊन बघितल्याशिवाय पटत नाही.

पायरी सहावी: एक फेरी पायी, आणि तीन जागा

हा माझा नियम आहे आणि तो मी कधी मोडत नाही. शुक्रवारी कुंपणाबाहेरून ट्रॅकची जमेल तेवढी फेरी चालायची. त्यात तीन जागा हेरायच्या: एक, जिथे गाड्या जोरात ब्रेक मारतात, दुसरी, जिथे त्या वेग न सोडता वळतात, तिसरी, जिथे जमीन पडते किंवा चढते. शर्यतीच्या दिवशी या तिघींत वेळ वाटून घ्यायचा. सुरुवात-शेवटाच्या सरळ रस्त्यावर फार वेळ घालवू नका, तिथे गाड्या नुसत्या निघून जातात.

रोड अटलांटावर ब्रेक मारण्याची जागा म्हणजे मागच्या लांब सरळ रस्त्याच्या शेवटची दहा-अ आणि दहा-ब ही वळणं. समोरच्या टेकडीवर बसलं की गाड्या उतरून येताना दिसतात आणि बहुतेक ओव्हरटेक इथेच होतात. याच सरळ रस्त्यावरच्या उंचवट्यावर १९९८ साली यानिक दालमासची पोर्शे ९११ जीटी१ आणि २००० साली बिल ऑबरलेनची बीएमडब्ल्यू मागे उलटून हवेत गेली होती. दोघंही वाचले. नंतर तो उंचवटा कमी केला गेला. तिथे उभं राहिलं की वाऱ्याने अख्खी गाडी उचलली म्हणजे काय झालं असेल ते समजतं. वेगवान वळण बघायचं तर पाचव्याच्या बाजूची टेकडी, आणि पडणारी जमीन म्हणजे अर्थातच बारावं वळण, ज्याचं वर्णन सुरुवातीला केलं.

लगुना सेका म्हणजे स्पॅनिशमध्ये कोरडं तळं. पेबल बीचच्या झाडीतल्या रस्त्यांवर शर्यती व्हायच्या, १९५६ साली तिथे एका ड्रायव्हरचा झाडावर आदळून मृत्यू झाला आणि पुढच्याच वर्षी हा ट्रॅक बांधला गेला. लांबी फक्त ३.६ किलोमीटर, पण आठव्या वळणाला, म्हणजे कॉर्कस्क्रूला, तोड नाही. चढाच्या टोकाला ड्रायव्हर डावीकडे वळतो तेव्हा समोर आकाश असतं. मग गाडी उजवीकडे फिरत खाली पडते, एकूण १८ मीटर, म्हणजे साडेपाच मजल्यांचा जिना. चढून जाताना दम लागतो, धूळ असते, वाळलेलं गवत मोज्यांत शिरतं. तरी वर जाच, आणि वर पोचल्यावर उतारालगत खाली नवव्या वळणाकडे चालत या. जीटीपी गाडी मागून येऊन हळू जीटीडी गाडीला नेमकी इथे गाठते तेव्हा दोघांपैकी कोण माघार घेणार हे अर्ध्या सेकंदात ठरतं.

रोड अमेरिकेला मात्र घाई करू नका. साडेसहा किलोमीटरचा ट्रॅक, १९५५ पासून आखणी जवळजवळ तशीच. विस्कॉन्सिनमधल्या एल्कहार्ट लेकच्या भोवतीच्या टेकड्या हिमनद्यांनी आणून टाकलेल्या मातीच्या आहेत, आणि रस्ता त्यांच्या अंगाने वर-खाली जातो. पाचव्या वळणाला गाड्या लांब उतारावरून येतात, कचकन ब्रेक मारतात, डावीकडे वळतात आणि लगेच पुलाखालून चढाला लागतात. इथे झाडाखाली सतरंजी टाका, दोन तास कसे जातात कळत नाही. मग झाडीतून ‘किंक’पर्यंत चाला. अकरावं वळण, उजवीकडे, बघायला किरकोळ वाकडं. पण गाडी ते ज्या वेगात घेते तो बघून पहिल्या वेळी मी आपसूक एक पाऊल मागे सरलो होतो.

वॉटकिन्स ग्लेनची गोष्ट १९४८ साली गावातल्या रस्त्यांवर सुरू झाली, कायमचा ट्रॅक १९५६ साली झाला, आणि १९६१ ते १९८० फॉर्म्युला वन तिथे होती. निळ्या रंगाचे लोखंडी कठडे रस्त्याला अगदी चिकटून आहेत. पहिल्या वळणानंतर चढावर जाणारी एसेस, म्हणजे एकामागून एक डावी-उजवी वळणं, आणि दरीत उतरणारा, बुटाच्या आकाराचा ‘बूट’ हा भाग, या दोन जागा धरा. उन्हाळी पावसाची तयारी हवीच. जवळपास वीज पडली तर शर्यत थांबते आणि निदान अर्धा तास सगळ्यांना आडोशाला जावं लागतं.

मोसपोर्टला गेलात तर पाचव्या, म्हणजे स्टर्लिंग मॉस यांच्या नावाच्या वळणाशी बसा. सीब्रिंगला सातव्या वळणाचा हेअरपिन, म्हणजे जवळजवळ उलटं फिरवणारं वळण, ब्रेकसाठी, आणि सतरावं वळण लाद्यांवर उडणाऱ्या गाड्यांसाठी. डेटोनाला दिवसा स्टँडच्या अगदी वरच्या रांगेत चढा. जवळजवळ पूर्ण ट्रॅक एका नजरेत मावतो अशी सोय टेकड्यांवर कुठेच नाही.

पायरी सातवी: शर्यत वाचायची कशी

पिवळा झेंडा लागला की सगळ्या गाड्या सेफ्टी कारमागे जमतात. पिट, म्हणजे गाड्या टायर आणि पेट्रोलसाठी थांबतात ती जागा, आधी बंद असतं. मग प्रोटोटाइपना आत येऊ देतात आणि त्यानंतर जीटींना. मुलांना जेवायला घालायला किंवा जागा बदलायला हीच वेळ चांगली, पण एकदा तरी पिटच्या कुंपणाशी जाऊन हे बघा: ड्रायव्हर बाहेर, दुसरा आत, पेट्रोलची नळी, चार टायर, आणि गाडी गेल्यावर जमिनीवर राहिलेलं रबर आणि पाणी.

लांब शर्यतीत शेवटचे दोन तास राखून ठेवा. आधीचं सगळं त्या दोन तासांत कोण तिथपर्यंत टिकतं यासाठी असतं.

पायरी आठवी: रात्र

अंधार पडला की ब्रेक मारायच्या जागी परत जा. पेटी ल मॉला दहा-अ, सीब्रिंगला हेअरपिन. चाकांच्या आत ब्रेकच्या तबकड्या तापून नारिंगी होतात, गाडी वळली की तो रंग विझतो, आणि पुढची गाडी येते. डेटोनाला जानेवारीत अंधार तेरा तासांचा असतो, फ्रान्समधल्या ल मॉच्या २४ तासांच्या शर्यतीतल्या जूनमधल्या रात्रीपेक्षा कितीतरी मोठा. पहाटे तीनला स्टँड रिकामा, आतल्या मैदानातला आकाशपाळणा उजळलेला, आणि ओव्हलच्या कड्यावरून दिव्यांची माळ न थांबता फिरत असते. मुलांना झोपू द्या, पण तुमच्यापैकी एकाने तरी हे बघावं.

भारतातून बघायचं असेल तर

अमेरिकेबाहेरच्या प्रेक्षकांना इम्सा स्वतःच्या यूट्यूब चॅनेलवर शर्यती मोफत दाखवते. डेटोनाची सुरुवात आपल्याकडे शनिवारी मध्यरात्रीनंतर लगेच होते, त्यामुळे रविवारचा अख्खा दिवस तुमचा. सीब्रिंग शनिवारी संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास सुरू होते आणि सकाळी संपते. बघताना ट्रॅकचा नकाशा आणि उंचीचा आलेख शेजारी उघडून ठेवा. गाडी कुठे चढते, कुठे पडते, ते बोटाने त्यावर धरत गेलात की पडद्यावरचा सपाट रस्ता हळूहळू उभा राहायला लागतो.